अर्धी ज्वारी निसवली, रस्त्याकडची पंधरा तासं (ओळी) नाही. काय कारण असावं?

नहरकाठ | १० ऑक्टोबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहायला आज बसलो.

आमचं वावर कुही रोडला, नागपूरपासून चाळीसेक किलोमीटर. मी राहतो नागपुरात, वावरात जाणं शनिवार-रविवारचंच. यंदा एका एकरात गावरान ज्वारी टाकली, दोन गाईंच्या कडब्यासाठी आणि थोडी घरच्या भाकरीसाठी. बियाणं घरचंच, आईनं राखेत घोळून मडक्यात ठेवलेलं. पेरणी ३ जुलैची. एकच दिवस, एकच तिफण, एकच खत.

रविवारी गेलो तर बरीचशी ज्वारी निसवलेली, कणसं बाहेर, काही ठिकाणी दाणा दुधावर. पण रस्त्याकडचा पट्टा, पंधरा-सोळा तासं, नुसता हिरवागार. उंचीला बाकीच्यापेक्षा हातभर जास्तच. पानं रुंद, गर्द. पोटरीचा (कणीस पोटात धरून फुगलेल्या शेंड्याचा) पत्ता नाही. शेंडा दाबून पाहिला तर आत काही टणक लागत नाही, नुसती पानांची पुंगळी.

रोग दिसत नाही, कीड दिसत नाही. सालदार म्हणतो पाणी जास्त झालं. पण तो भाग उंचवट्यावर आहे, पाणी थांबलं तर खालच्या बाजूला थांबेल ना?

बियाण्यात भेसळ म्हणावी तर भेसळ वावरभर विखुरलेली दिसली असती. ही अशी रांगेत उभी कशी राहील?

---

आगाऊ_कार्टं | १० ऑक्टोबर, रात्री १०:०५

दुकानदाराला धरा. पावती आहे का?

---

नहरकाठ | १० ऑक्टोबर, रात्री १०:०९

अहो, बियाणं मडक्यातलं. आईकडे पावती मागू का? :)

---

बुढा_कास्तकार | ११ ऑक्टोबर, सकाळी ६:१५

नहरकाठ भाऊ, बियाण्याले दोष देऊ नका. घरचं बियाणं असं एका बाजूनं तोंड फिरवत नाई.

आमचा बुढा म्हणे, जवारी मृगात पेरा का आर्द्रात पेरा, हस्तात निसवते म्हणजे निसवते. लवकर पेरली तं धांडा माणसाच्या वर दोन हात जाते, उशिरा पेरली तं बुटकी राहते, पण कणूस एकाच टायमाले बाहेर. मी सोता पाह्यलं हाय. एका साली पाऊस वीस दिवस लांबला, लोकाईनं आर्द्रा संपता संपता पेरलं. तरी दसऱ्याच्या आसपास सारी गावची जवारी संगच निसवली.

तुमच्या त्या पंधरा तासाईले हस्त लागलाच नाई असं दिसते. काहून नाई लागला ते पाहा. त्या बाजूले काय हाय? झाड हाय, नाला हाय, काय हाय?

---

नहरकाठ | ११ ऑक्टोबर, सकाळी ८:३०

काका, त्या बाजूला रस्ता. रस्त्यापलीकडे गेल्या उन्हाळ्यात एक गोदाम झालं. त्याच्या कुंपणाला उंच खांब आणि वर मोठे दिवे. रात्रभर चालू असतात. सालदार तर खूश आहे, म्हणतो रानडुकरं येत नाहीत.

---

पेशीपुराण | ११ ऑक्टोबर, सकाळी ८:४२

सापडलं तुमचं उत्तर.

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल. आधी चहा घेऊन येते.

---

पेशीपुराण | ११ ऑक्टोबर, सकाळी ९:३५

बुढा_कास्तकार काकांच्या वडिलांनी जे सांगितलं तिथूनच सुरुवात करू, कारण ते अगदी बरोबर आहे. का बरोबर आहे ते बघण्यासारखं आहे.

पंचांगातली तिथी चंद्राची. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्यात, कधी नोव्हेंबरच्या मध्यात. पण शेतकऱ्याची पावसाची नक्षत्रं सूर्याची असतात. मृग दरसाल ७-८ जूनला, हस्त २६-२७ सप्टेंबरला, फार तर एखाद्या दिवसाचा फरक. सूर्याची तारीख पक्की म्हणजे दिवसाची लांबीही पक्की. नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर. इथे जूनच्या शेवटी दिवस जवळपास १३ तास २५ मिनिटांचा, डिसेंबरात १० तास ५० मिनिटांचा. सगळा खेळ या अडीच तासांतला. गावरान ज्वारी पाऊस मोजत नाही, पेरणीपासूनचे दिवसही फारसे मोजत नाही. ती रात्र मोजते.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे मघा नक्षत्रात, आपल्याकडचा दिवस पावणेतेरा तासांच्या खाली येतो. त्या सुमारास ज्वारीचा शेंडा ठरवतो की आता पान पुरे, कणीस करायचं. बाहेरून काहीच दिसत नाही. आत कणीस घडायला महिना-सव्वा महिना लागतो आणि हस्तात ते पोटरी फोडून बाहेर पडतं. निकाल हस्तात दिसला तरी पेपर मघातच लिहून झालेला असतो.

तुमच्या रस्त्याकडच्या तासांना रात्र झालीच नाही. त्यांच्या दृष्टीनं अजून जूनच चालू आहे.

दिवसाच्या लांबीवर फुलणं ठरतं हे गार्नर आणि अलार्ड या दोघा अमेरिकनांनी १९२० मध्ये मांडलं. त्यांच्याकडे तंबाखूचा एक वाण होता, उन्हाळ्यात नुसता वाढायचा, फुलायचाच नाही. रोपं रोज दुपारी अंधाऱ्या खोपटात कोंडली तेव्हा फुलला. पुढे १९३८ मध्ये दुसऱ्या दोघांनी दाखवलं की मोजली जाते ती रात्र. लांब रात्रीच्या मध्यात थोडा वेळ दिवा लावला तरी गोखरूचं झाड फुलायचं थांबतं. आपल्या बांधावरचं गोखरू, कपड्यांना चिकटणारं, तेच.

---

तर्कट | ११ ऑक्टोबर, दुपारी १:२०

वाचायला छान, पण शंका आहेत.

एक, मग पौर्णिमेच्या चांदण्यात का नाही अडत? दोन, रस्त्यावरच्या गाड्यांचे दिवे तर गेली चाळीस वर्षं पडतायत. तीन, दिव्याखाली ज्वारीच काय, सगळंच अडायला हवं. नहरकाठ, त्या उजेडात दुसरं काही पीक आहे का?

---

नहरकाठ | ११ ऑक्टोबर, दुपारी २:००

आहे! बरं झालं विचारलंत. धुऱ्याला (बांधाला) लागून शेजाऱ्याची हायब्रीड ज्वारी आहे, दिव्याच्या तितकीच जवळ. ती ऑगस्टअखेरीसच निसवली. सप्टेंबरच्या पावसात सापडली आणि कणसं काळी पडली, ती गोष्ट वेगळी. म्हणजे तर्कट म्हणतायत तसं, उजेडाचं कारण फोल?

---

पेशीपुराण | ११ ऑक्टोबर, दुपारी ४:१०

उलट याच पुराव्याची मी वाट पाहत होते.

आधी तर्कट यांचं. लक्स म्हणजे उजेडाचं माप. पौर्णिमेचं चांदणं जास्तीत जास्त पाव लक्सच्या आसपास. तेवढ्यानं ज्वारी फसत नाही. काही लक्सचा उजेड रात्रभर पडला तर मात्र हळवे वाण फसतात. हा उजेड एवढा मंद की त्यात वर्तमानपत्र वाचताना डोळे ताणावे लागतील. (हळवं म्हणजे संवेदनशील या अर्थानं म्हणतेय, भातातलं हळवं-गरवं नव्हे. घोळ नको.) गाडी येते आणि जाते, खांब उभा असतो.

आता हायब्रीड. इथे जनुकं आली.

ज्वारीच्या पानात उजेड ओळखणारं एक प्रथिन असतं, फायटोक्रोम बी. हा झाडाचा डोळा समजा. ज्वारीत त्याच्या जनुकाला एमए-३ म्हणतात. या डोळ्याच्या हुकुमात दोन पहारेकरी, एमए-१ आणि एमए-६. एमए-१ ची गंमत अशी की लांब दिवसात ते दोनदा जागं होतं, एकदा सकाळी, एकदा संध्याकाळनंतर. संध्याकाळची पाळी भरायची तर त्या वेळी बाहेर उजेड लागतो. अंधार पडला असेल तर ते जागं होत नाही. जागं झालं की ते फुलोऱ्याचा निरोप दाबून धरतं.

निरोप म्हणजे काय तेही सांगते. पान रात्र मोजतं, पण कणीस शेंड्याला करायचं असतं. म्हणजे पानाकडून शेंड्याकडे काहीतरी जायला हवं. चैलाख्यान नावाच्या शास्त्रज्ञानं १९३० च्या दशकात त्याला फ्लोरिजेन असं नाव दिलं. पुढची सत्तर वर्षं लोक ते शोधत होते आणि हाती लागत नव्हतं. २००७ मध्ये भातात आणि मोहरीच्या कुळातल्या एका रानटी झुडपात, जवळपास एकाच वेळी, दाखवून दिलं की ते एक छोटं प्रथिन आहे. पानात बनतं आणि अन्नरसाच्या नळ्यांतून शेंड्याला पोचतं. भातात त्याचं नाव एचडी३ए. त्या झुडपात एफटी. गव्हात, ज्वारीत, मक्यात त्याचीच भावंडं.

तेव्हा तुमच्या वावरात काय झालं? खांबाच्या उजेडात एमए-१ रोज संध्याकाळी पाळीवर हजर. निरोप पानातच अडलेला. शेंडा आपला पानं करत बसलाय.

शेजाऱ्याच्या हायब्रीडमध्ये हा पहारेकरीच अधू असणार. आपल्याकडची पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, १९६४ ची. तिची आई अमेरिकेची, कंबाइन काफिर ६०. आफ्रिकेतून अमेरिकेत गेलेल्या ज्वाऱ्या तिकडच्या लांब उन्हाळ्यात फुलायच्याच नाहीत. ज्या थोड्या फुलल्या त्यांच्यात ही जनुकं बिघडलेली होती, आणि तिथल्या शेतकऱ्यांनी तीच धरून ठेवली. १९४५ मध्ये क्विनबी आणि कार्पर यांनी हिशेब मांडला तेव्हा कुठे कळलं की दोन-तीन जनुकांच्या फरकावर पन्नास दिवसांची आणि शंभर दिवसांची ज्वारी ठरते. पुढे १९६० च्या दशकात टेक्सासवाल्यांनी मोठा कार्यक्रमच काढला. उष्ण कटिबंधातल्या उंच, उशिरा येणाऱ्या ज्वाऱ्यांचा संकर पोर्तो रिकोत हिवाळ्यात करायचा, तिथे दिवस लहान म्हणून त्या फुलतात, आणि लवकर येणारी बुटकी पोरं टेक्सासच्या उन्हाळ्यात निवडायची.

असा आंधळा पहारेकरी असलेल्या ज्वारीला खांब काय नि सूर्य काय. ती दिवस मोजून फुलते.

---

बुढा_कास्तकार | ११ ऑक्टोबर, रात्री ८:३०

मॅडम, तुमी बरोबर दुखरी नस दाबली.

हायब्रीड आली तवा मी शाळेत होतो. गावात पह्यल्या साली बोरं (पोती हो, खायची बोरं नाई) मोजता मोजता लोकं थकले. गावरान जवारीच्या दुप्पट नाई, तिप्पट. पण ते सप्टेंबरात भरते. आपल्याकडं सप्टेंबर म्हणजे पूर्वा-उत्तराचा पाऊस. दाण्यात दूध भरलं का वरतून झड लागते आन् दाणा काळा. भाकर केली तं कडू, रंग राखेसारखा. बाजारात व्यापारी मूठभर हातात घे, फुंक मारे आन् परत पोत्यात टाके. भाव सांगतच नसे.

गावरान काहून पांढरी राहे? ते निसवेच उशिरा. पाऊस गेल्यावर दाणा भरे. आता तुमचं आयकून समजलं का ते उशीर करणं म्हणजे आळस नव्हता.

मंग लोकाईनं जवारी सोडली, सोयाबीन धरलं. हे एकच कारण नाई, भावही नव्हता, पाखरंही फार, गोफण घेऊन बसाले पोट्टे कुठून आणता. पण काळ्या दाण्यानं सुरुवात केली.

---

तर्कट | ११ ऑक्टोबर, रात्री ९:०२

काका, हे फार आवडलं. पण गावरान उशिरा येते म्हणून चांगली, असं सरसकट नको. पाऊस सप्टेंबरच्या मध्यातच पळाला तर? हलक्या जमिनीत दाणा भरायला ओल कुठे उरते?

---

बुढा_कास्तकार | ११ ऑक्टोबर, रात्री ९:१५

होते ना बाप्पा. त्या साली नुसता कडबा. म्हणूनच ते भारी जमिनीत टाकत. बरड रानात कोणी टाकत नसे.

---

पेशीपुराण | ११ ऑक्टोबर, रात्री ९:४०

नहरकाठ, उद्या शनिवार. रात्री वावरात थांबता येईल का? दिवे लागल्यावर हिरव्या पट्ट्यात फिरा आणि सावल्या कुठे पडतात ते पाहा. खांबाच्या आणि पिकाच्या मध्ये झाड, विहिरीची मोटारखोली, काहीही असेल तर त्याच्या रात्रीच्या सावलीतली ज्वारी बघा. सोबत दाढीचं पातं न्या, दोन-चार धांडे चिरायचे आहेत.

---

काटोलवाला | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:२०

अवांतर. आमच्या संत्र्याला हे लागू आहे का? आम्ही दिवसरात्र काही बघत नाही, ताण देतो. पाणी तोडायचं, पानं जरा मलूल झाली की मग पाणी सोडायचं, बहार फुटतो. आंबिया जानेवारी-फेब्रुवारीत, मृग पावसाच्या तोंडावर.

---

पेशीपुराण | १२ ऑक्टोबर, सकाळी ७:५५

संत्र्याला दिवसाच्या लांबीचं विशेष सोयरसुतक नाही. तिथे थंडी किंवा पाण्याचा ताण हाच इशारा. गंमत म्हणजे निरोप्या तिथेही एफटीच्याच घराण्यातला. टपाल तेच, पेटीत पत्र टाकणारा वेगळा.

---

गोंदियाची_सून | १२ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

माहेर नागपूर, सासर गोंदियाकडे. आमच्याकडे धानाला अगदी हेच होतं. गावात ग्रामपंचायतीनं बांधीच्या कडेनं दिवे लावले तेव्हापासून दिव्याखालचा गोल तुकडा हिरवाच राहतो. बाकी धान गर्भातून निघून लोंबी टाकतो आणि हा उभा. सासूबाई त्याला वांझोटा धान म्हणतात. हलक्या (लवकर येणाऱ्या) धानाला काही होत नाही, भारीलाच (उशिरा येणाऱ्याला) होतं. आता कळलं.

एक विचारायचं आहे. भारी धान आम्ही उन्हाळी करून पाहिला होता, एकदाच. काही चुडांना वीतभर असतानाच लोंबी, काही नुसतं गवत. तेही हेच का?

---

पेशीपुराण | १२ ऑक्टोबर, दुपारी १२:३०

हो ताई, तेच. भारी धानाचं घड्याळ दिवस लहान होत जाण्यावर लावलेलं. उन्हाळी हंगामात दिवस उलटे, मोठे होत जातात. जे रोप लहान दिवस असतानाच वयात आलं ते घाईनं लोंबी टाकून मोकळं झालं. ज्याला उशीर झाला त्याच्यापुढे दार बंद. म्हणून उन्हाळी धानाला दिवस मोजणारेच वाण लागतात.

भातात या दारावर एचडी१ नावाचं जनुक आहे, २००० साली ओळखलं गेलं. मला ते दुतोंडी वाटतं. लहान दिवसात तेच फ्लोरिजेनचं दार उघडतं, मोठ्या दिवसात तेच कडी घालतं. शिवाय जीएचडी७ म्हणून दुसरं आहे, मोठ्या दिवसात अडवणारं. ज्वारीचं एमए-६ म्हणजे त्याचंच ज्वारीतलं रूप. भात आणि ज्वारी वेगळे होऊन कोट्यवधी वर्षं झाली तरी कुलपं एकाच कारखान्याची.

जपानच्या उत्तरेकडे होक्काइदोत भात पिकतो तो अशी कुलपं मोडलेली असल्यामुळेच. तिथे थंडीच्या आत कापणी व्हायला हवी, लांब रात्रीची वाट पाहायला वेळ नाही.

---

गच्चीवरचा_शेतकरी | १२ ऑक्टोबर, दुपारी ३:४५

मला गव्हाचा किस्सा सांगायचाच आहे. भाच्यानं जर्मनीहून थोडे गहू आणले, तिकडच्या शेतातले. (असं आणू नये, माहीत आहे, झालं ते झालं. नंतर सगळं जाळलं.) नोव्हेंबरात धरमपेठेतल्या गच्चीवर दोन कुंड्यांत पेरले. एकात ते, एकात आपला लोक-१ गहू. लोक-१ ला जानेवारीत ओंब्या. जर्मन पाहुणे मार्चपर्यंत दूर्वांच्या जुडीसारखे कुंडीला चिकटून बसले, फुटवे पन्नास, ओंबी शून्य. एप्रिलच्या उन्हात वाळून गेले. गच्चीवर दिवा नाही हो.

---

पेशीपुराण | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ५:२०

तो हिवाळी गहू असणार. त्याला आधी थंडी हवी, शून्य ते दहा अंशांत पाच-सात आठवडे, मगच ओंबीचा विचार. तिकडे शरद ऋतूत पेरतात, बर्फाखाली गहू झोपतो. फसव्या उबेच्या दिवसात फुलला तर पुढच्या गारठ्यात मेला, म्हणून ही सावधगिरी. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री दहा-बारा अंशांवर आल्या तरी दुपारी पुन्हा २८-३०. त्याला हिवाळा आल्याचं कळलंच नाही.

यात तीन जनुकं. व्हीआरएन-२ निरोप अडवतं. थंडी मुरत गेली की व्हीआरएन-१ हळूहळू जागं होतं आणि व्हीआरएन-२ ला गप्प करतं. मग व्हीआरएन-३ मोकळं होतं, आणि हे तिसरं म्हणजे पुन्हा तेच, एफटी. २००३ ते २००६ या काळात कॅलिफोर्नियातल्या दुबकोव्स्की यांच्या प्रयोगशाळेनं ही तिन्ही एकामागून एक हुडकली. लोक-१ सारख्या आपल्या गव्हात व्हीआरएन-१ चं बटण आधीपासूनच चालू असतं. त्या जनुकाच्या नियंत्रणाच्या भागातला थोडा मजकूर गळालेला किंवा बदललेला असतो. थंडीची परवानगी लागत नाही.

गहू ज्वारीच्या उलट, मोठ्या दिवसात फुलणारा. नुसती थंडीची अट काढून भागत नाही, कारण आपला गव्हाचा हंगाम लहान दिवसांचा. तिथे पीपीडी-डी१ नावाचं जनुक येतं. त्याच्या पुढच्या भागातला सुमारे दोन हजार डीएनए-अक्षरांचा तुकडा गळाला की गहू दिवसाच्या लांबीची पर्वा करत नाही. हा बदल आला जपानच्या अकाकोमुगी या जुन्या गव्हातून. इटलीतल्या नाझारेनो स्त्राम्पेल्ली यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो आपल्या संकरांत घेतला.

आणि बोरलॉग, हरितक्रांतीवाले गव्हाचे शास्त्रज्ञ. त्यांना मेक्सिकोत वर्षाला दोन पिकं घ्यायची घाई होती म्हणून बियाणं एकदा उत्तरेला सोनोराच्या सपाटीवर, एकदा दक्षिणेला तोलुकाच्या डोंगरात, असं हजारभर किलोमीटर ने-आण करत राहिले. वरिष्ठांचा विरोध होता. हेतू फक्त वेळ वाचवायचा. पण दोन्हीकडे टिकलं ते दिवसाकडे न बघणारं बियाणं, आपोआप गाळून निघालेलं. म्हणूनच १९६६ मध्ये मेक्सिकोतून १८,००० टन बियाणं भारतात आलं तेव्हा ते इथे फुललं. लोक बुटकेपणाच्या जनुकाचं कौतुक करतात, आणि करावंच, पण या दुसऱ्या जनुकाला कोणी विचारत नाही याचा मला वर्गात दरवर्षी राग यायचा.

---

आगाऊ_कार्टं | १२ ऑक्टोबर, सायंकाळी ५:३१

मॅडम, परीक्षेत येणार का हे?

---

नहरकाठ | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:४०

काल रात्री वावरातच झोपलो. सविस्तर लिहितो.

रात्री आठला हिरव्या पट्ट्यात शिरलो. खांबाचा उजेड इतका की हातावरच्या रेषा दिसत होत्या. रस्त्याच्या अलीकडे, धुऱ्यावर आमचा जुना कडुनिंब आहे. त्याची सावली पट्ट्यात तिरकी पडते, जवळ अरुंद, पुढे रुंद होत गेलेली. दिवसा ही सावली तिथे पडत नाही, सूर्य दुसरीकडून असतो ना. त्या सावलीत टॉर्च मारली.

कणसं!

हिरव्या पट्ट्याच्या मधोमध, निंबाच्या सावलीच्या आकाराची, कणसांची पाचर. दिवसा पाहिलं तेव्हा उंच पानांत झाकलेली होती, मी आत शिरलोच नव्हतो. सावलीच्या कडेला एका धांड्याला कणीस, दोन वीत अंतरावरच्या उजेडातल्या धांड्याला काही नाही. अंगावर काटा आला खरं सांगतो.

सकाळी पात्यानं चिरले. उजेडातला धांडा उभा फाडत शेंड्यापर्यंत गेलो. पानांच्या घड्या एकात एक, शेवटी टाचणीच्या डोक्याएवढा पाणीदार ठिपका. बस. पट्ट्याच्या आतल्या कडेला, जिथे उजेड कमी होत जातो, तिथला एक फाडला. त्यात बोटाच्या पेराएवढं पांढरं कणीस, त्यावर रव्यासारखे दाणे दाणे. आईनं ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, बिचारं रात्रीची वाट पाहत होतं.

तर्कट साहेब, आता?

---

तर्कट | १३ ऑक्टोबर, सकाळी १०:५८

आता काही नाही. निंबाला माझा नमस्कार सांगा.

---

बुढा_कास्तकार | १३ ऑक्टोबर, सकाळी ११:१०

मी म्हटलं होतं ना, हस्त लागला नाई.

पण आता ते पंधरा तासं एकटे उशिरा निसवतीन. सारी मिजमाशी आन् सारे पाखरं तिथंच येतीन. कडब्यासाठी कापून टाका, असं माझं मत. कापल्यावर खालून जे कोवळे फुटवे येतीन ते गाईले खाऊ देऊ नका. कोवळ्या जवारीनं जनावर फुगते, तडफडते. आमची एक कालवड तशीच गेली.

---

पेशीपुराण | १३ ऑक्टोबर, सकाळी ११:४५

काकांचा इशारा महत्त्वाचा. कोवळ्या फुटव्यांत सायनाइड तयार करणारं द्रव्य भरपूर असतं. मोठ्या धांड्यात ते बरंच कमी.

पण नहरकाठ, अर्धा पट्टा कापा, अर्धा ठेवा ना. दिव्याला टोपी बसवून बघा. रात्र मिळाली की झाड आता लगेच निर्णय घेईल, त्याचं वय केव्हाच झालंय.

---

नहरकाठ | १७ ऑक्टोबर, रात्री ८:१५

गोदामाच्या चौकीदाराकडे गेलो. तो म्हणाला साहेबांना विचारा. साहेब म्हणाले, ज्वारीला दिव्याचा त्रास होतो हे पहिल्यांदाच ऐकतोय. मी निंबाच्या सावलीचा फोटो दाखवला. ते बराच वेळ मोबाइल मोठा करून बघत राहिले. मग म्हणाले, दिवा बंद होणार नाही, पत्रा लावायचा तर लावा, खर्च तुमचा. वेल्डरनं साडेचारशे घेतले. कालपासून आमच्या बाजूला अंधार.

सालदार नाराज आहे. डुकरांचं काय, म्हणतो.

---

नहरकाठ | २३ नोव्हेंबर, सायंकाळी ६:३०

धागा वर काढतोय.

सात तासं ठेवली होती. गेल्या आठवड्यापासून शेंडे फुगायला लागले आणि आज सगळी पोटरीत. चार-पाच धांड्यांची पोटरी फाटून कणसाचं टोक बाहेर आलंय. रात्री चांगलाच गारठा आहे, दाणा कितपत भरेल सांगता येत नाही. मधल्या काळात डुकरांनी एक रात्र धुडगूस घातला, दोन तासं आडवी.

बाकीची ज्वारी काढून झाली. दाणा पांढरा.

---

गोंदियाची_सून | २३ नोव्हेंबर, रात्री ७:५०

आमच्या ग्रामपंचायतीला हा धागा छापून दिला. सरपंच म्हणाले, पुढच्या पोळ्यापासून धान निघेपर्यंत बांधीकडचे तीन दिवे बंद ठेवू. बघू.

---

आगाऊ_कार्टं | २३ नोव्हेंबर, रात्री ८:०४

ते सगळं ठीक आहे. हुरड्याला कधी यायचं?

---

नहरकाठ | २३ नोव्हेंबर, रात्री ८:२०

दाणा भरला तर जानेवारीच्या पहिल्या रविवारी. वाणीचा (खास हुरड्याच्या ज्वारीचा) नाही, गावरान आहे, जरा चिवट लागेल. टॉर्च आणा, रस्त्याच्या बाजूला आता अंधार असतो.